आपले प्रश्न : संकेतस्थळाचे प्रमाणपत्र, त्याची मुदत आणि त्याची किल्ली

गेल्या अंकात संकेतस्थळासाठी होस्टिंग, म्हणजे ते ठेवण्याची सर्व्हरवरील भाड्याची जागा, कशी निवडावी याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख मात्र एकाच गोष्टीकडे आहे : ब्राउझर आपल्या संकेतस्थळाला ‘असुरक्षित’ का म्हणतो, आणि एसएसएल प्रमाणपत्र बसवायचे तर ते कोणाकडून व कसे. म्हणून या अंकातील सर्व जागा या एका विषयाला दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून नावे वगळून फक्त गाव ठेवले आहे. ‘एसएसएल’ हे नाव खरे तर जुने झाले. नेटस्केप कंपनीने १९९०च्या दशकात काढलेल्या त्या पद्धतीची जागा १९९९ साली टीएलएसने घेतली आणि सध्या २०१८ साली प्रसिद्ध झालेली तिची १.३ ही आवृत्ती प्रचारात आहे. तरीही होस्टिंगच्या पडद्यावर, दरपत्रकात आणि लोकांच्या तोंडी एसएसएल हेच नाव टिकून असल्यामुळे येथेही तेच वापरले आहे.

प्रश्न : तारकर्लीला आमचे चार खोल्यांचे न्याहारी-निवास आहे. संकेतस्थळावर खोल्यांची छायाचित्रे, दर आणि चौकशीचा अर्ज एवढेच आहे. पैसे आम्ही तेथे घेत नाही. पर्यटक सांगतात की पत्त्याशेजारी ‘असुरक्षित’ असे दिसते. होस्टिंग कंपनीकडून फोन आला की दर वर्षी पैसे भरून एसएसएल घ्या, कारण फुकटचे कच्चे असते. पैसेच घेत नाही तर हे हवे कशाला, आणि फुकटचे खरोखर कच्चे असते का? (तारकर्ली)

उत्तर : पैसे घेत नसलात तरी प्रमाणपत्र हवे. चौकशीच्या अर्जात पर्यटक आपले नाव, मोबाइल क्रमांक आणि कोणत्या तारखांना घरी नसणार हे लिहून देतो. साध्या एचटीटीपी या उघड्या वाटेवरून (कूटबद्ध, म्हणजे गुप्त लिपीत बांधलेली वाट ती एचटीटीपीएस) जाणारा हा मजकूर एसटीच्या ड्रायव्हरकडे दिलेल्या उघड्या चिठ्ठीसारखा असतो. वाटेत ती ज्याच्या हाती पडेल त्याला ती वाचता येते, आणि लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे, तीत खाडाखोडही करता येते. आपल्या पानावरील फोन क्रमांकाच्या जागी दुसराच क्रमांक पर्यटकाच्या पडद्यावर उमटवणे अशा उघड्या वाटेवर शक्य असते. गूगलच्या क्रोम ब्राउझरने जुलै २०१८पासून एचटीटीपीवरच्या प्रत्येक पानाला ‘असुरक्षित’ म्हणायला सुरुवात केली ती याच कारणाने. पान पैसे घेते की नाही हे तो पाहत नाही.

प्रमाणपत्राची कामे दोन. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण कूटबद्ध व्हावे यासाठी ते सर्व्हरची जाहीर किल्ली (जिची गुप्त जोडीदार, म्हणजे खासगी किल्ली, फक्त सर्व्हरकडे असते) ब्राउझरच्या हाती देते, आणि ही किल्ली खरोखर याच पत्त्याच्या सर्व्हरची आहे अशी ग्वाही ब्राउझरचा विश्वास असलेल्या तिसऱ्या संस्थेकडून देते. ही ग्वाही तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, अर्जदाराच्या ताब्यात आहे एवढेच तपासले जाते, दुसऱ्यात संस्थेची कागदपत्रे पाहिली जातात, तर तिसऱ्यात ती अधिक बारकाईने पाहिली जातात. कूटबद्धतेचा भक्कमपणा तिन्हींत सारखाच असतो, कारण तो सर्व्हर आणि ब्राउझर आपापसांत ठरवतात. प्रमाणपत्राच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. तिसऱ्या प्रकाराच्या महाग प्रमाणपत्रासोबत पत्त्याशेजारी संस्थेचे नाव दिसत असे, पण सप्टेंबर २०१९च्या आवृत्तीपासून क्रोमने ते नावही तेथून काढून टाकले. त्यामुळे चार खोल्यांच्या निवासाने त्यासाठी पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. फोनवर आपल्याला जे सांगितले गेले ते विक्रीचे बोलणे होते.

फुकट प्रमाणपत्रांतील सर्वांत मोठे नाव म्हणजे लेट्स एनक्रिप्ट. अमेरिकेतील एक ना-नफा संस्था ते चालवते आणि डिसेंबर २०१५पासून ते सर्वांना खुले आहे. आपल्या होस्टिंगवर सीपॅनेल (होस्टिंग सांभाळण्याचा पडदा) असेल तर त्यात प्रवेश करून सुरक्षिततेच्या विभागातील ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ हे पान उघडावे. तेथे आपला मूळ पत्ता, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेला पत्ता, मेलचा पत्ता असे सर्व एकाखाली एक दिसतात आणि प्रत्येकासमोर प्रमाणपत्र आहे की नाही याची खूण असते. ऑटोएसएसएल म्हणजे प्रमाणपत्र आपोआप काढून बसवणारी सोय; हवे ते पत्ते निवडून ‘रन ऑटोएसएसएल’ हे बटण दाबले की थोड्या वेळाने खुणा बदलतात. बटणच दिसत नसेल तर कंपनीला लेखी विचारावे की माझ्या खात्यावर ऑटोएसएसएल किंवा लेट्स एनक्रिप्ट सुरू आहे का. नकार आल्यास होस्टिंग बदलण्यास ते पुरेसे कारण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्त्याशेजारी कुलूप दिसत नाही म्हणून मात्र घाबरू नये. ते चिन्ह क्रोमने सप्टेंबर २०२३मध्ये बदलले, कारण कुलूप म्हणजे मालक विश्वासू असा लोकांचा समज होऊ लागला होता. हा समज चुकीचा आहे. एखाद्याने आपल्याच निवासाच्या नावाशी मिळतेजुळते डोमेन घेऊन बनावट आरक्षणाचे पान थाटले तर त्यालाही प्रमाणपत्र सहज मिळते, कारण त्या डोमेनचा ताबा खरोखर त्याच्याकडेच असतो.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि पेट्यांची मागणी आम्ही संकेतस्थळावरून घेतो. यंदा ऐन एप्रिलमध्ये मुंबईच्या गिऱ्हाइकांना ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ अशी पाटी दिसू लागली. प्रमाणपत्राची मुदत संपली होती असे कळले. होस्टिंगचे पैसे तर आम्ही दोन वर्षांचे आगाऊ भरले आहेत. मग प्रमाणपत्र मध्येच कसे संपले, आणि हे दर वेळी कोणी लक्षात ठेवायचे? (देवगड)

उत्तर : डोमेन, होस्टिंग आणि प्रमाणपत्र यांच्या मुदती तीन वेगळ्या असतात आणि त्यांच्या तारखा क्वचितच जुळतात. होस्टिंगचे पैसे भरले म्हणून प्रमाणपत्र पुढे चालू राहते असे नाही. आपला शेवटचा प्रश्न मात्र नेमका आहे, आणि त्याचे उत्तर असे की हे कोणी माणसाने लक्षात ठेवायचेच नाही.

हा प्रसंग माझ्यावरही येऊन गेला आहे आणि त्यात चूक माझीच होती. काही वर्षांपूर्वी पावसजवळच्या एका बागायतदारांचे संकेतस्थळ मी सांभाळत असे. त्याचे प्रमाणपत्र मी हाताने बसवले होते, आणि मुदतीच्या सूचना ज्या ई-मेल पत्त्यावर येत होत्या तो मी त्या कामापुरता उघडून पुढे कधीच पाहिला नव्हता. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांचा फोन आला म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर खळ्यात भाताचा पेंढा पसरून पेट्या भरण्याचे काम चालले होते. त्यांची बोटे आंब्याच्या चिकाने काळी झालेली होती, म्हणून त्यांनी मनगटानेच फोन माझ्याकडे सरकवला. पडद्यावर हीच पाटी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत ‘नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे लिहिलेले होते. नवे प्रमाणपत्र मिळवून बसवायला मला वीस मिनिटे लागली, परंतु आदल्या रात्रीपासून ती पाटी पाहून पान बंद करून गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी किती जण परत आले हे कळायला मार्ग नव्हता. त्यांनी मला काही बोलून दाखवले नाही. जाताना एक डझन आंबे मात्र नेहमीप्रमाणे बांधून दिले, आणि ते मला फार जड वाटले.

त्या दिवसापासून मी एकही प्रमाणपत्र हाताने बसवण्याच्या भरवशावर ठेवलेले नाही, आणि आता तर नियमच तसे होऊ लागले आहेत. पूर्वी दोन-तीन वर्षांचे प्रमाणपत्र मिळत असे. १ सप्टेंबर २०२०पासून कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था यांच्या सामाईक मंचाने एप्रिल २०२५मध्ये केलेल्या ठरावानुसार ही मुदत १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून अवघी ४७ दिवस अशी उतरत जाते. लेट्स एनक्रिप्टचे प्रमाणपत्र तर सुरुवातीपासूनच जास्तीत जास्त ९० दिवसांचे आहे. किल्ली चोरीला गेली किंवा डोमेन दुसऱ्याकडे गेले तर जुनी ग्वाही फार काळ बाजारात फिरत राहू नये, हा त्यामागचा हेतू आहे. ‘तीन वर्षांचे एसएसएल’ अशी जाहिरात अजूनही दिसते. त्यात पैसे तीन वर्षांचे घेतले जातात, पण प्रमाणपत्र मधूनमधून नव्याने काढून बसवावेच लागते. थोडक्यात, हंगामाच्या चार महिन्यांतही नूतनीकरणाची एखादी तारीख येणारच, आणि ती यंत्रानेच सांभाळली पाहिजे.

ऑटोएसएसएलसारखी सोय ते सांभाळते, परंतु ती अडते कोठे हे मालकाला ठाऊक असावे. नूतनीकरणाच्या वेळी प्रमाणपत्र देणारी संस्था आपल्या सर्व्हरला एक ठरावीक मजकुराची छोटी फाइल टिंबाने सुरू होणाऱ्या नावाच्या एका ठरावीक फोल्डरमध्ये ठेवायला सांगते, आणि मग बाहेरून, साध्या एचटीटीपीच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवरून, ती फाइल आपल्या डोमेनच्या पत्त्यावर मिळते का ते पाहते. मिळाली की डोमेन आपल्या ताब्यात असल्याचे तिच्यापुरते सिद्ध होते. हे समजले की बहुतेक अडथळे आपोआप उलगडतात. डोमेनचा डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंद, कोणी दुसऱ्या सर्व्हरकडे वळवला असेल तर फाइल भलतीकडेच शोधली जाते. जुन्या होस्टिंगचा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा अंकी पत्ता, देणारी ‘एएएए’ नोंद डीएनएसमध्ये तशीच राहून गेली असेल तरी तेच घडते, आणि हा दोष सापडायला सर्वांत अवघड असतो, कारण आपल्या फोनवर संकेतस्थळ व्यवस्थित उघडत असते. टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरांना बंदी करणारा एखादा सुरक्षा प्लगइन (संकेतस्थळाला जोडलेला जादा प्रोग्राम) किंवा ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमधील नियम त्या फोल्डरची वाट अडवतो. संपूर्ण संकेतस्थळाला पासवर्ड लावलेला असेल तर तपासणारी संस्थाही दाराबाहेरच राहते. क्वचित डीएनएसमध्ये ‘सीएए’ नावाची नोंद असते, जिच्यात या डोमेनसाठी कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावे हे लिहिलेले असते. तीत आपल्या संस्थेचे नाव नसेल तर नकार येणारच. आणखी एक सूचना म्हणजे, अडले की तेच बटण पुन्हा पुन्हा दाबू नये. लेट्स एनक्रिप्टच्या नियमानुसार एका नावासाठी तासाभरात पाच प्रयत्न फसले की पुढचे प्रयत्न काही काळ नाकारले जातात, आणि अगदी त्याच नावांचे प्रमाणपत्र सात दिवसांत पाचहून अधिक वेळा मिळत नाही. ऐन हंगामात ही मर्यादा अंगाशी येते.

लेट्स एनक्रिप्टने मुदत संपण्याच्या सूचनांचे ई-मेल पाठवणे जून २०२५पासून बंद केले आहे, म्हणून त्यावर विसंबू नये. पाडव्याच्या सुमारास एकदा आणि नंतर हंगाम संपेपर्यंत दर पंधरवड्याला आपल्याच फोनवर संकेतस्थळ उघडावे, पत्त्याच्या डावीकडील चिन्हावर बोट ठेवावे आणि प्रमाणपत्राची शेवटची तारीख पाहावी. ती दोन आठवड्यांपेक्षा जवळ आली असून नवे प्रमाणपत्र आलेले नसेल तर कोठेतरी अडले आहे असे समजून त्याच दिवशी होस्टिंगच्या मदत विभागाला लिहावे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कार्यालयातील जुन्या संगणकावर लाईट जाऊन आली की बँकेसकट सगळीच संकेतस्थळे ‘प्रमाणपत्र चुकीचे’ म्हणतात. पावसाळ्यात हे रोजचे झाले आहे. सगळ्यांची प्रमाणपत्रे एकदम कशी बिघडतील? (राजापूर)

उत्तर : ती बिघडलेली नाहीत, आपल्या संगणकाचे घड्याळ मागे पडते. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो, बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा. तो संपला की वीज जाताच संगणक कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागतो, आणि त्या तारखेला आजची प्रमाणपत्रे अजून सुरूच झालेली नसतात. तो सेल बदलावा आणि तारीख-वेळ इंटरनेटवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा.

प्रश्न : आमच्या वाचनालयाचे वर्डप्रेसवरील संकेतस्थळ दहा वर्षे जुने आहे. प्रमाणपत्र बसले, पण काही पाने नीट दिसतात आणि काहींवर अजूनही ‘पूर्णपणे सुरक्षित नाही’ असे येते. एका स्वयंसेवकाने एचटीटीपीएसकडे वळवण्याचा प्रयत्न केला तेव्हा पान गोल गोल फिरत राहून ‘खूप वेळा रीडायरेक्ट’ असे म्हणू लागले. (रत्नागिरी)

उत्तर : येथे दोन वेगळे दोष आहेत. पहिला असा की पान एचटीटीपीएसवरून येते, पण त्यातील एखादे चित्र, अक्षरांचा साचा (फॉन्ट) किंवा बाहेरून आणलेला तुकडा अजून एचटीटीपीवरूनच मागवला जातो. याला मिक्स्ड कंटेंट म्हणतात. संगणकावर ते पान उघडून उजव्या क्लिकने ‘इन्स्पेक्ट’ आणि मग ‘कन्सोल’ निवडले की कोणता पत्ता अडतो आहे ते पिवळ्या किंवा लाल ओळीत दिसते. जुन्या संकेतस्थळांत मला हटकून सापडणारा तुकडा म्हणजे पानाच्या तळाशी बसवलेला ‘आपण अमुक इतके पाहुणे’ असे सांगणारा आकडा. तो दुसऱ्याच कोणाच्या सर्व्हरवरून एचटीटीपीने येत असतो आणि कित्येकदा तो सर्व्हर केव्हाच बंद पडलेला असतो. तो निःसंकोच काढून टाकावा.

चित्रांसाठी प्रथम संपूर्ण संकेतस्थळाची आणि डेटाबेसची प्रत काढून घ्यावी. वर्डप्रेसची ५.७ ही २०२१ सालची किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तर ‘साइट हेल्थ’ या पानावर एचटीटीपीएसकडे जाण्याचे बटण मिळू शकते. नसेल तर ‘सेटिंग्ज’मधील ‘जनरल’ या पानावर दोन ठिकाणी लिहिलेला पत्ता बदलावा. जुन्या लेखांच्या मजकुरात रुतून बसलेले पत्ते त्यासाठीच्या शोध-बदल प्लगइनने बदलावेत. डेटाबेसमध्ये थेट हात घालून अक्षरे बदलण्याचा मोह टाळावा, कारण वर्डप्रेस काही नोंदी अक्षरांच्या संख्येसकट साठवतो. ‘एचटीटीपी’मध्ये एक अक्षर वाढले की ती संख्या चुकते आणि विजेट किंवा थीमच्या सेटिंग्ज नाहीशा होतात. माझ्या माहितीतल्या एका संकेतस्थळाचा डावीकडचा सगळा रकाना असाच एका दुपारी गेला, आणि प्रत काढलेली नव्हती.

गोल फिरण्याचा दोष बहुधा क्लाउडफ्लेअरसारखी मधली सेवा ‘फ्लेक्सिबल’ या पर्यायावर ठेवल्याने येतो. त्या पर्यायात वाचक आणि क्लाउडफ्लेअर यांच्यातली वाट कूटबद्ध असते, परंतु क्लाउडफ्लेअर आपल्या सर्व्हरशी मात्र साध्या एचटीटीपीवर बोलते. सर्व्हर म्हणतो एचटीटीपीएसवर या, क्लाउडफ्लेअर पुन्हा एचटीटीपीवरच विचारते, आणि हे चालूच राहते. सर्व्हरवर प्रमाणपत्र आहेच, तेव्हा तेथे ‘फुल स्ट्रिक्ट’ हा पर्याय निवडावा. मधली सेवा नसेल तर वळवण्याचा नियम दोन ठिकाणी, एकदा सीपॅनेलमध्ये आणि एकदा प्लगइनमध्ये, लागलेला आहे का ते पाहावे. माझ्या मते सीपॅनेलच्या ‘डोमेन्स’ पानावरील एकच नियम ठेवणे पुरेसे असते. ‘एचएसटीएस’ नावाची आणखी एक सोय प्लगइन सुचवतात. ती एकदा चालू केली की वाचकांचे ब्राउझर ठरलेल्या मुदतीपर्यंत साध्या एचटीटीपीवर यायलाच नकार देतात, म्हणून सर्व काही दोन-तीन महिने सुरळीत चालल्याखेरीज तिला हात लावू नये.

प्रश्न : आम्ही दुसऱ्या कंपनीकडून विकत घेतलेले प्रमाणपत्र सीपॅनेलमध्ये स्वतः बसवले. कार्यालयातील संगणकावर सर्व ठीक दिसते, पण काही ग्राहकांच्या फोनवर ‘विश्वासार्ह नाही’ असे येते. (अलिबाग)

उत्तर : आपण बहुधा मधला दुवा बसवायचा विसरलात. प्रमाणपत्र देणारी संस्था स्वतःच्या मूळ किल्लीने थेट आपल्या प्रमाणपत्रावर सही करत नाही. ती एका मधल्या प्रमाणपत्राला अधिकार देते आणि त्याच्या किल्लीने आपल्या प्रमाणपत्रावर सही होते. ब्राउझरला फक्त मूळ संस्था ओळखीची असते, म्हणून मधले प्रमाणपत्र आपल्या सर्व्हरनेच सोबत पाठवावे लागते. संगणकावरील ब्राउझर ते बऱ्याचदा स्वतः शोधून आणतात किंवा आधीच जवळ बाळगून असतात, त्यामुळे तेथे चूक लपून राहते आणि फोनवर उघडी पडते. सीपॅनेलच्या बसवण्याच्या पानावर तीन चौकटी असतात : पहिलीत प्रमाणपत्र, दुसरीत खासगी किल्ली आणि तिसरीत ‘सीए बंडल’, म्हणजे मधल्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा. तिसरी रिकामी ठेवली तरी काही वेळा पान तक्रार करत नाही. कंपनीने पाठवलेल्या झिप फाइलमध्ये बंडलची फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून, ‘बिगिन सर्टिफिकेट’ आणि ‘एंड सर्टिफिकेट’ या ओळी त्यांच्या रेघांसकट, जशीच्या तशी तिसऱ्या चौकटीत चिकटवावी.

दुसऱ्या चौकटीत ‘किल्ली जुळत नाही’ असे आले तर प्रमाणपत्र मागण्याचा अर्ज, म्हणजे सीएसआर, बहुधा दोनदा तयार झालेला असतो. अर्जाबरोबर सहसा नवी किल्ली जन्मते आणि प्रमाणपत्र त्या एकाच किल्लीला लागते.

प्रश्न : फोनमधील ई-मेल अ‍ॅप आमच्या डोमेनच्या मेलसाठी ‘प्रमाणपत्रातील नाव वेगळे आहे’ असे म्हणते. संकेतस्थळ मात्र ठीक आहे. (मुरुड)

उत्तर : मेल सर्व्हरच्या पत्त्यात आपण जे नाव लिहिले ते प्रमाणपत्रात नाही. एसएसएल स्टेटसच्या पानावर मेलचा पत्ताही निवडून पुन्हा प्रमाणपत्र काढावे, किंवा अ‍ॅपमध्ये होस्टिंग कंपनीने दिलेले सर्व्हरचे मूळ नाव लिहावे. ‘तरीही पुढे जा’ हा पर्याय कायमचा मान्य करू नये, कारण मग खरोखर कोणी मध्ये उभा राहिला तरी अ‍ॅप गप्प बसेल.

प्रश्न : ‘.भारत’ने संपणारे मराठीतील डोमेन घेतले. प्रमाणपत्रात मात्र मराठी नावाऐवजी रोमी अक्षरांची अगम्य जुळणी दिसते. फसवणूक तर नाही? (वेंगुर्ले)

उत्तर : नाही. देवनागरीतील ‘.भारत’ ऑगस्ट २०१४पासून मिळते, पण डीएनएसला आतून रोमी अक्षरेच कळतात, म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचे ‘एक्सएन’ने सुरू होणारे एक रूपांतर केले जाते आणि प्रमाणपत्रात तेच छापले जाते. ती जुळणी आपल्याच नावाची आहे हे एकदा ताडून पाहावे म्हणजे झाले.

प्रश्न : माझ्याकडे निविदा भरण्यासाठी घेतलेले डिजिटल सिग्नेचरचे यूएसबी टोकन आहे. तेही प्रमाणपत्रच आहे, तर ते संकेतस्थळाला लावता येईल का? (चिपळूण, ठेकेदार)

उत्तर : येणार नाही. टोकनातील प्रमाणपत्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली परवाना मिळालेल्या संस्थेने आपल्याला व्यक्ती म्हणून दिलेले आहे आणि त्याने आपण कागदावर सही करता. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र डोमेनला मिळते. जात एक असली तरी कामे वेगळी आहेत.

प्रश्न : आमचा कोकम आणि आमसुलांचा छोटा उद्योग आहे. ज्या मुलाने संकेतस्थळ बनवले तो आता पुण्याला नोकरीला गेला. प्रमाणपत्र संपले आहे, आणि त्याला विचारल्यावर त्याने भल्या मनाने काही फाइली आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या. त्या कोणी कशा बसवायच्या? (गुहागर)

उत्तर : त्या बसवू नका. आपण पत्रासोबत जोडलेल्या चित्रात फाइलींची नावे दिसतात, आणि त्यातील एकीच्या नावाच्या शेवटी ‘की’ असे आहे. ती खासगी किल्ली आहे. ती ज्याच्याकडे आहे त्याला आपल्या डोमेनच्या नावाने उभे राहता येते, आणि आता ती ग्रुपमधील प्रत्येक आत्या, मामा आणि भाच्याच्या फोनमध्ये जाऊन बसली आहे. कोणी वाईट वागेल असे नाही, परंतु त्यातला एखादा फोन उद्या दुरुस्तीला जाईल किंवा जुन्या बाजारात विकला जाईल. किल्ली सर्व्हरबाहेर कधीच जायला नको होती. ऑटोएसएसएलने प्रमाणपत्र काढले तर ती सर्व्हरवरच तयार होते आणि तेथेच राहते, हा त्याचा आणखी एक फायदा.

त्याआधी तीन ठिकाणचे प्रवेश आपल्या हाती येणे आवश्यक आहे : डोमेन जेथे नोंदवले तेथील खाते, होस्टिंगचे खाते आणि डीएनएस जेथे चालते तेथील खाते. कधी ही तिन्ही एकाच कंपनीकडे असतात, कधी तिघांकडे. त्या मुलाला फोन करून, भांडण न करता, प्रत्येक खात्याचा नोंदणीकृत ई-मेल आणि मोबाइल क्रमांक बदलून उद्योगाच्या नावाचा करून मागावा. सर्वांत आधी डोमेनचे खाते घ्यावे, कारण बाकी दोन्ही गोष्टी हरवल्या तरी डोमेन हाती असेल तर नव्याने उभ्या करता येतात, उलट होत नाही. डोमेनची मालकी त्याच्या नावावर असेल तर तीही बदलून घ्यावी. तो सध्या मदत करतो आहे तोवर हे काम एका बैठकीत उरकते. उद्या त्याचा क्रमांक बदलला की तेच काम महिन्यांचे होते.

खाती हाती आल्यावर एसएसएल स्टेटसच्या पानावरून नवे प्रमाणपत्र काढावे. जुने संपलेलेच आहे, त्यामुळे ते रद्द करून घेण्याची गरज नाही; मुलाने पाठवलेल्या फाइलींत नव्याने काढलेले प्रमाणपत्र असेल तर मात्र ते देणाऱ्या संस्थेकडून रद्द करून घ्यावे, आणि तीच जुनी किल्ली वापरून नवा अर्ज कोणी करू नये. ग्रुपमधील तो संदेश मुलाला ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांगावा, आणि तो पर्याय मिळण्याची वेळ टळून गेली असेल तरी हरकत नाही, कारण त्या किल्लीचे प्रमाणपत्र संपले किंवा रद्द झाले की तिने कोणतेच दार उघडत नाही.